केव्हा तापते?

खंडाळा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचे, धुक्याचे, धबधब्यांचे आणि मुंबईकरांच्या बंगल्यांचे खंडाळे उभे राहते. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही. पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर सुमारे ६० किलोमीटरांवर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी, ते आपली तालुक्याची कचेरी सांभाळीत उन्हात बसलेले असते. सावित्रीबाई फुले ह्यांचे जन्मगाव नायगाव ह्याच तालुक्यातले. परंतु हमरस्त्याने धावणाऱ्या पुष्कळांना त्याचा पत्ता नसतो. येथे प्रवासी थांबतो तो बहुधा त्याची मोटार थांबते म्हणून.

खंबाटकीचा घाट तसा मोठा नव्हे. वरंध्याची भीषणता त्याला नाही की आंबेनळीची वळणे नाहीत. नीरेच्या खोऱ्यातून कृष्णेच्या खोऱ्यात उतरण्यासाठी डोंगराची एक सोंड ओलांडायची, एवढेच त्याचे काम. पण चढ सलग आहे, उसंत देत नाही, आणि पुढे एखादा उसाने किंवा सिमेंटने लादलेला ट्रक लागला की मागच्या सर्वांना त्याच्याच चालीने चढावे लागते. बोगदा झाल्यापासून साताऱ्याकडून येणाऱ्या वाहनांची ह्या चढउतारातून सुटका झाली होती. पुण्याकडून जाणाऱ्यांच्या नशिबी मात्र, मी सांगतो आहे त्या २०१६ च्या उन्हाळ्यात, घाट तसाच होता. न्यायशास्त्राच्या पहिल्याच धड्यात डोंगरावरचा धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे अनुमान करायला शिकवतात आणि लगेच बजावतात की, दुरून दिसणारी वाफ किंवा धुरळा ह्यांना धूर समजू नका. मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी खंबाटकीच्या वळणांवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारींची रांग पाहिली म्हणजे हे उदाहरण प्राचीन आचार्यांना कोठे सुचले असेल, असा एक थट्टेखोर विचार मनात येतो. येथे वाफही असते आणि तिच्याखाली अग्नीही असतो.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. आमचे घर वाईचे, म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या गावचे. तेव्हा हा विषय माझ्या पाण्यातच होता असे माझे मित्र म्हणतात. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पाटबंधारे खात्यात होते. धोमच्या धरणावर त्यांची कित्येक वर्षे गेली. १९८६ साली, पुष्कळ दिवस नंबर लावून वाट पाहिल्यानंतर, त्यांनी एक प्रीमियर पद्मिनी घेतली. मूळची ही इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे, आणि १९७० नंतरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. पद्मिनी म्हणजे कमळवेल. तिला पाण्याची सतत ओढ असावी हे नावाला धरूनच झाले, असे अण्णा म्हणत. विसाव्या शतकाबरोबर तिचे उत्पादन आटोपले. मुंबईत टॅक्सी म्हणून राहिलेल्या शेवटच्या पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. आमची खाजगी असल्यामुळे फेरनोंदणी करून करून टिकली होती. अण्णांनी गाडी चालवणे सोडल्यावर ती माझ्याकडे पुण्यास आली आणि दर शनिवारी मला घेऊन खंबाटकी चढून, सुरूरच्या फाट्यावरून वळून, वाईला त्यांच्या भेटीस जाऊ लागली.

गाडीबरोबर त्यांनी एक वहीही माझ्या स्वाधीन केली होती. पहिल्या दिवसापासून भरलेले प्रत्येक लिटर पेट्रोल, बदललेला प्रत्येक सुटा भाग, त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि जे काही विशेष घडले ते, असे सर्व तीत त्यांच्या ओव्हरसियरी अक्षरात नोंदलेले होते. गाडी चालवणाऱ्याने वही पुढे चालवावी, ही त्यांची एकच अट होती. ती मी पाळीत आलो.

त्या वर्षीच्या जानेवारीत ती घाटात पहिल्यांदा उकळली. पुढच्या शनिवारी पुन्हा. मग तो नेमच झाला. दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागल्यावर दहाएक मिनिटांत काटा तांबड्या खुणेला जाऊन भिडायचा, झाकणाखालून फुसफुस सुरू व्हायची, आणि मी बाजूला उभा राहून पाण्याचा डबा हाती घेऊन, ती निवण्याची वाट पाहत बसायचो.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातला जेमतेम चतुर्थांश किंवा तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. राहिलेल्यातला बराचसा मागच्या नळीतून धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला इंजिनाच्या भिंतींत शिरतो. तो वेळीच बाहेर काढला नाही तर पोलाद वाकते. म्हणून त्या भिंती पोकळ ठेवून त्यांच्यातून पाणी खेळवतात; पंप ते पाणी ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून ते पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनात शिरते. पाण्याइतकी उष्णता पोटात साठवणारा दुसरा स्वस्त पदार्थ सृष्टीत नाही. शिवाय रेडिएटरचे झाकण स्वयंपाकघरातल्या कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. ही सोय घाटात फार उपयोगाची, कारण समुद्रसपाटीपासून दर तीनशे मीटर वर गेले की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. एवढी साखळी आहे. आणि तिच्यातली कोणतीही कडी निखळली तरी बाहेर दिसणारे लक्षण एकच. काटा चढतो.

पुण्यातल्या पहिल्या गॅरेजमध्ये झाकण बदलले. गाडी तापतच राहिली. तेव्हा त्यांनी थर्मोस्टॅट काढूनच टाकला आणि आपल्या हवेत तो लागतच नाही असे सांगितले. एखाद्याचे डोके दुखते म्हणून त्याची टोपी फेकून द्यावी, तसा हा उपाय मला वाटला. दुसऱ्या गॅरेजमध्ये रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्यांतून सळ्या फिरवल्या; विहिरीच्या जड पाण्याने धरलेला पांढरा थर ओंजळभर निघाला, तो त्यांनी मला कागदावर काढून दाखवला, आणि आता निश्चिंत राहा म्हणाले. पुढच्या शनिवारी मी खंडाळ्याच्या वर तिसऱ्या वळणावर उभा होतो. तिसऱ्याने पंप बदलला. चौथ्याने हेड गॅस्केट गेले असावे असे म्हणून इंजिनाचे डोके उतरवले, घासून सपाट केले, नवे गॅस्केट घातले आणि जे बिल दिले त्यात अण्णांच्या पहिल्या वर्षीच्या पेट्रोलचा सगळा हिशेब मिटला असता.

वैद्यकात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, त्यांना निदानपंचक म्हणतात: निदान म्हणजे कारण, मग पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवनिदान वाचलेल्या कोणत्याही वैद्याला ती पाठ असतात. ह्यांपैकी उपशय म्हणजे औषध देऊन पाहणे; उतार पडला तर रोग तो, न पडला तर दुसरा. लक्षणे झाकलेली असतील तेव्हा ह्या साधनाचा आश्रय करावा असा संकेत आहे. आमच्या चारही गॅरेजांनी बाकीची चार साधने बाजूला ठेवून उपशयानेच काम चालवले होते, आणि प्रत्येक उपशयाचे पैसे मी देत होतो. त्यांच्या कसबाविषयी माझी तक्रार नाही. झाकण जुने होते, रेडिएटरमध्ये थर खरोखरच होता. त्यांनी शोधून काढलेला प्रत्येक दोष खरा होता; फक्त गाडी त्याच्यामुळे तापत नव्हती.

शेवटी चौथ्या गॅरेजच्या मालकाने हात पुसत पुसत सांगितले, "सर, तीस वर्षांची गाडी आहे. वय झालं. आता घाटात नेऊ नका."

हे शब्द ऐकून मी चमकलो, कारण तेच शब्द मी आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी ऐकले होते. अण्णांना त्या वर्षी चौऱ्याऐंशीवे चालू होते. फेब्रुवारीपासून त्यांना चक्कर येऊ लागली होती. एकदा पहाटे न्हाणीघराच्या दारात ते पडले; हाड मोडले नाही हे दैव. मी त्यांना पुण्यात दाखवले. रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब मोजला. सर्व काही त्या वयाला शोभेसे आले. मग डॉक्टर म्हणाले, वयोमानाने असे व्हायचेच, एकटे ठेवू नका. माझ्या धाकट्या भावाचेही तेच मत पडले. वाईचे घर बंद करावे, अण्णांना पुण्याला आणावे आणि पद्मिनी भंगारात काढावी, असे आम्हा दोघा भावांत जवळजवळ ठरले होते. अण्णांना कोणी विचारले नव्हते. ठरलेले त्यांना सांगायचे माझ्याकडे होते, आणि त्याच कामासाठी मी त्या शनिवारी निघालो होतो.

गाडी त्या दिवशी घाट सुरू होताच तापली. वर जाण्याचा धीर झाला नाही. मी ती निवू दिली, हळूच वळवून खंडाळ्यात उतरवली आणि रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडपुढे उभी केली. शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री ट्रॅक्टरखाली निजले होते. बाहेर आले, गाडीकडे पाहिले, बॉनेटला हात लावला नाही. एक पालथा डबा मला बसायला दिला आणि दुसऱ्यावर स्वतः बसले.

"सर, तापती त्ये दिसतंयच. पर तापती कवा?"

"घाटात."

"घाटात समद्याच तापत्यात. पुण्यात कोंडीत अडाकल्यावर तापती का?"

"नाही."

"सपाटीला?"

"काटा थोडा चढतो. उकळत मात्र नाही."

"आन् घाटात हुबी करून इंजान चालूच ठिवलं तर?"

ह्या प्रश्नाचे उत्तर वहीत होते, कारण दर वेळी काटा उतरायला किती मिनिटे लागली ते मी लिहीत होतो. मी वही उघडून सांगितले, "दोन-तीन मिनिटांत बराच खाली येतो."

"मंजी रेडिएटर चोंदल्याला न्हाई. चोंदला असता तर इतक्या बिगीनं उतारला नसता. आन् कोंडीत तापत न्हाई, मंजी पंखा बी ठीक हाये." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तापाय लागली त्याच्या आदुगर गाडीचं काय काम केलं हुतं?"

जॉन स्टुअर्ट मिल्लने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या आहेत, त्या मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ फळ्यावर लिहीत आलो आहे. ज्या मिल्लचा पगडा आगरकरांवर पडला, तोच हा मिल्ल. आणि आगरकर म्हणजे पुन्हा ह्याच मुलखातले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अन्वय पाहावा, व्यतिरेक पाहावा, एक गोष्ट वाढली की दुसरी कोणती वाढते ते पाहावे. ग्रीस लागलेल्या धोतराने घाम पुसणारा हा मनुष्य, मिल्लचे नावही न ऐकता, तीन प्रश्नांत दोन पद्धती संपवून तिसरीवर आला होता.

वहीत दिवाळीची नोंद होती: रबरी नळ्यांना चिरा, वरची व खालची दोन्ही नवीन. त्यानंतर दोन महिन्यांनी पहिली उकळी. मधल्या काळात दुसरे काही नाही.

मिस्त्री उठले. आपल्या शागिर्दाला आत बसवून इंजिन चालू करायला सांगितले आणि ते चांगले तापेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता रेस कर, आन् धरून ठीव." मला त्यांनी खुणेने वाकून खाली पाहायला लावले. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारी मनगटाएवढी जाड काळी नळी, इंजिनाचा आवाज चढला तशी, आतून कोणी ओठांनी ओढून घ्यावी त्याप्रमाणे पोटात जाऊ लागली. बघता बघता तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या. शागिर्दाने पाय उचलला. नळीने श्वास सोडला आणि ती पुन्हा गोल झाली. जणू काही झालेच नव्हते.

पंप पाणी ज्या बाजूने ओढतो त्या बाजूची ती नळी. अशा नळीच्या पोटात पुष्कळदा तारेचे वेटोळे बसवलेले असते, ते ह्यासाठीच. कोणी तरी दिवाळीत नळी बदलताना ते गंजलेले वेटोळे जुन्या नळीबरोबर टाकून दिले असावे. नवी नळी थंडपणी कडक, तापली की लुळी. सपाटीला वरच्या गिअरमध्ये इंजिन सावकाश फिरते, पंपही सावकाश ओढतो, नळी तग धरते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोराने फिरू लागले, म्हणजे पाण्याची सर्वांत अधिक गरज असेल नेमक्या त्या घटकेला, नळी मिटते आणि पाणी थांबते. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावे तर नळी शहाण्यासारखी गोल उभी. चार गॅरेजांतल्या माणसांनी तिला हात लावून पाहिला असेल. ती नवी होती, गळत नव्हती, आणि नव्या वस्तूवर कोणी संशय घेत नाही.

मिस्त्रींनी दुसरी, जाड कापडाची अस्तर असलेली नळी मागवली. पत्र्याच्या डब्यातून शोधून एक वेटोळे काढले, तेल लावून आत सारले. नळीची किंमत आणि वर शंभर रुपये त्यांनी घेतले. मी अधिक देऊ केले तेव्हा म्हणाले, "काम त्येवढंच हुतं." आणि ते पुन्हा ट्रॅक्टरखाली गेले.

गाडी घाट न थांबता चढली. अण्णांना मी दारातूनच नळीची हकीकत सांगितली. ते हसले. "अरे, हे शेतकऱ्याला विचारायचे होतेस. विहिरीवरच्या पंपाचा सक्शनचा पाइप कडक लागतो, डिलिव्हरीचा कसाही चालतो. किर्लोस्करवाडीचा पंप ज्याच्या विहिरीवर आहे तो कोणीही सांगेल." मग वही मागून घेऊन त्यांनी त्या दिवशीची नोंद स्वतःच्या हाताने केली.

ते लिहीत असताना मी त्यांच्याकडे पाहत होतो. निरोप सांगायचा होता तो ओठांवरच राहिला. त्याऐवजी मी विचारले, "अण्णा, तुम्हांला चक्कर केव्हा येते?"

ते सरळ म्हणाले, "उठलो की. बसल्यावर नाही, निजल्यावर नाही."

"आणि हे सुरू होण्याच्या आधी काय झाले होते?"

त्यांची औषधांचीही वही होती. नसती तरच नवल. जानेवारीच्या अखेरीस लघवीच्या त्रासावर रात्री घ्यायची एक नवी गोळी सुरू झाली होती. रक्तदाबाची गोळी पूर्वीपासून होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना वाईतल्याच एका तरुण डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी अण्णांना निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून एका मिनिटाने मोजला आणि तीन मिनिटांनी पुन्हा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला तर तो दोष मानतात. अण्णांचा तिसाहून अधिक उतरला. पुण्यात तो मोजला होता तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते. ती नवी गोळी मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते तशी रक्तवाहिन्याही सैल करते, हे ध्यानात घेऊन बाईंनी दोन्ही गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलली, आणि अंथरुणावरून उठताना काठावर बसून थोडे थांबायला सांगितले. वय त्यांनीही विचारले, पण ते कागदाच्या वरच्या ओळीत लिहिण्यासाठी. म्हाताऱ्या शरीरात हे लवकर घडते, हे त्यांनी मान्य केले. मात्र घडते कशाने ते निराळे, असेही त्या म्हणाल्या.

त्या रात्री मी भावाला फोन केला. त्याचे समाधान व्हायला दोन महिने लागले आणि ते मी रास्तच मानतो. दुरून काळजी करणाऱ्याला एका आकड्याने धीर येत नाही. वाईचे घर मात्र बंद झाले नाही.

पुढच्या पावसाळ्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी अण्णांना पुण्याला आणले होते. परत जाताना ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. खंडाळा मागे पडला, चढ लागला; काटा मधोमध, हलायला तयार नाही. घाटातल्या खामजाईच्या देवळापाशी आलो तसे ते म्हणाले, "थांबव." मी म्हटले, गाडी तापलेली नाही. "ते मला दिसते आहे. थांबव."

मी थांबलो. त्यांनी दार उघडले, पाय बाहेर टाकले आणि आसनाच्या काठावर बसून मनाशी तीसपर्यंत आकडे मोजले. मग दाराला धरून उभे राहिले, चार पावले चालले, सवयीप्रमाणे पाण्याचा डबा हातात घेतला, बॉनेटकडे पाहिले आणि स्वतःच दोन घोट प्याले. पुन्हा बसल्यावर वही मागितली. तारीख, किलोमीटर, आणि पुढे लिहिले: खंबाटकी. थांबलो. गाडीसाठी नव्हे.